चार माणसे बसविण्यापूर्वी

आमच्या बीड जिल्ह्यात घरातला एखादा तंटा घरच्या घरी मिटेनासा झाला, म्हणजे "आता चार माणसे बसवा" असे म्हणतात. बांधाचे भांडण असो, वाटणीचा मामला असो, की सासरी नांदेनाशी झालेल्या लेकीचा प्रश्न असो. तहसील आणि कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी ओट्यावर सतरंजी अंथरावी, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बोलवावी, चहाच्या दोन फेऱ्या व्हाव्यात आणि दिवस मावळण्याच्या आत कोणाचा तरी होकार पदरात पाडून घ्यावा, ही वहिवाट निजामाच्या अमदानीत होती, आणि पोलीस कारवाई होऊन मराठवाडा मुक्त झाला, पुढे महाराष्ट्रात आला, तरी ती मोडली नाही. घरातला कर्ता पुरुष दारूच्या आहारी गेला तरी आपण हीच वहिवाट चालवितो. फरक एवढाच, की बांधाच्या तंट्यात वादी आणि प्रतिवादी दोघेही सतरंजीवर असतात, तर दारूच्या बैठकीत एकटा आरोपी आणि बाकीचे सगळे न्यायाधीश.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय हीच बैठक आहे. व्यसनात सापडलेल्या आपल्या माणसाने उपचार पत्करावेत म्हणून आप्तांनी केव्हा बोलावे, कोणी बोलावे, काय बोलू नये, आणि त्याच्या तोंडून होकार निघाला तर त्या घटकेला कोणती तजवीज हाताशी असावी, याचा विचार येथे केला आहे. ज्याला इंग्रजीत 'इंटरव्हेन्शन' म्हणतात त्यासाठी 'हस्तक्षेप' हा शब्द कागदोपत्री रूढ होऊ लागला आहे. मला तो रुचत नाही. हस्तक्षेप परक्याच्या कारभारात होतो, आणि ज्या बाईने वीस वर्षे एका माणसाचे ओकणे धुतले तिचा त्याच्या जिण्याशी असलेला संबंध परका म्हणवत नाही. संपादकांनी 'बैठक' हा आपला साधा शब्द राखला, हे चांगले केले.

मी जन्मभर शाळामास्तरकी केली. तिच्या पुण्याईवर चार माणसांत माझी गणना पुष्कळदा झाली, आणि त्यांतली एक बैठक मला अद्याप टोचते. केज तालुक्यातले एक गाव. माझा जुना विद्यार्थी, वय पस्तिशीच्या आसपास, नवराबायको दोघेही दर साली ऊसतोडीला जाणारी. चैत्रात टोळी परत आली तेव्हा गडी ओळखू येईना. सकाळी उठल्यावर हात इतके कापत, की बशी दोन्ही हातांनी धरूनही अर्धा चहा सदऱ्यावर सांडे, आणि मग 'उतारा' म्हणून आठाच्या आत देशीचा पहिला घोट पोटात जाई. थोरला भाऊ, मामा, गावातले एक माळकरी वृद्ध आणि मी असे चौघे ओट्यावर बसलो. मामांनी कुळाच्या अब्रूपासून आरंभ केला, भावाने उचलीचा हिशेब मांडला, माळकरी बुवांनी यमयातनांचे वर्णन केले, मीही माझ्या परीने व्याख्यान दिले. आणि तो गडी खांबाला टेकून, नखाने भुईचे सारवण खरवडीत मुकाट बसला. जिला कोणीच बोलायला सांगितले नव्हते ती त्याची बायको शेवटी दाराआडून म्हणाली, "गुरुजी, मला भांडायचं नाही. फडात मी मोळ्या बांधते अन् हे बांधावर पडलेले असतेत. एकदा थंडीत उठतेत का नाही म्हणून मी रातभर नाकापुढं हात धरून बसले. तेवढं सांगा त्यांना." त्यावर त्याने प्रथमच मान वर केली आणि म्हणाला, "न्या गुरुजी, मला कुठं न्यायचं ते."

आम्ही चौघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. न्यायचे कुठे, हे आमच्यापैकी कोणीच विचारून ठेवले नव्हते. वार शनिवार, वेळ संध्याकाळची. एका ठिकाणी फोन लावला तर सोमवारी या म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी पैशाचा जो आकडा सांगितला तो ऐकून भावाने फोन खाली ठेवला. रविवारी गावचा बाजार होता. सोमवारी सकाळी गाडी दाराशी आली तेव्हा "मला काय झालंय?" असे म्हणून तो रानाकडे निघून गेला, आणि त्यानंतर पुरते एक वर्ष त्याच्याशी त्या विषयावर कोणाला बोलता आले नाही.

दारू सोडविण्याची खटपट या मुलखात आजची नाही. जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून दारूच्या वाढत्या दुकानांना हरकत घेतली होती. गाडगेबाबांनी कीर्तनातून तोच विषय खेडोपाडी नेला. आमच्याकडे, निजामाच्या राज्यात, अबकारी ही सरकारी उत्पन्नाच्या मोठ्या बाबींपैकी एक असल्यामुळे सरकारकडून निषेधाची अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता, आणि ती उणीव संप्रदायाने भरून काढली. पाटोदा तालुक्यातील सावरगाव घाट येथे जन्मलेले भगवानबाबा, त्यांच्या पूर्वीची नारायणगडाची परंपरा, गावोगावचे हरिनाम सप्ताह, यांनी हजारो गळ्यांत माळ घातली. तुळशीची माळ हा मी आपल्याकडचा सर्वांत जुना व्यसनोपचार मानतो: चारचौघांच्या साक्षीने घेतलेली शपथ, एकादशीगणिक तिची उजळणी, नव्या सोबत्यांची संगत आणि वर्षाकाठी पंढरीची वारी, इतकी सगळी सामग्री तीत आहे. उणीव एवढीच, की ज्याचे शरीर दारूवाचून फेफरे आल्यासारखे झटके देऊ लागते त्याला केवळ संकल्पाचे बळ पुरत नाही, आणि माळ तुटली म्हणजे मूळच्या व्यसनावर माळ तोडल्याचे लांच्छन चढून तो माणूस देवळाची वाटच सोडतो.

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले आणि मराठी मनात दारुड्याच्या घराचे चित्र कायमचे कोरले गेले. सिंधूच्या पातिव्रत्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र दर वेळी तो प्रसंग अस्वस्थ करतो, ज्यात सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करून मदतीसाठी प्रतिष्ठितांच्या दारी जातो आणि अवहेलना पदरी घेऊन परततो. त्या नाटकात प्रेम करणाऱ्यांची वाण नाही, उपदेश करणाऱ्यांचीही नाही. वेळेवर हात धरून कुठे न्यावे हे ठाऊक असलेला माणूस मात्र त्यात कोणी नाही. १९१९ मध्ये तो असणे शक्यही नव्हते.

तो मार्ग पुढे परदेशात, आणि तोही दारुड्यांनीच शोधला. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअरबाजारातला मनुष्य आणि बॉब स्मिथ हा शल्यविशारद, दोघेही पक्के मद्यासक्त, एकमेकांना भेटले आणि त्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेचा जन्म झाला. तिच्या सभा १९५७ पासून मुंबईत भरू लागल्या आणि कालांतराने मराठीतूनही होऊ लागल्या. विल्सनच्या पत्नीने, लोइसने, १९५१ साली आप्तांसाठी 'अल-ॲनॉन' ही वेगळी संघटना उभी केली. दुसऱ्याचे पिणे तुमच्यामुळे सुरू झालेले नाही आणि तुमच्या हुकमाने थांबणारही नाही, तेव्हा आधी स्वतः सावरा, ही तिची शिकवण. नवऱ्याच्या दारूचा दोष सुनेच्या पायगुणावर घालणाऱ्या आपल्या समाजात या एका वाक्याने किती बायकांचा जीव हलका होतो, हे मी पाहिले आहे.

परंतु या विचारातून एक समज बळावला, की माणूस तळाला टेकल्यावाचून वर येत नाही, सबब घरच्यांनी त्याची वाट पाहावी. व्हर्नन जॉन्सन या अमेरिकन धर्मोपदेशकाने, जो स्वतः मद्यासक्तीतून बाहेर आला होता, त्यावर बोट ठेवले: तळ म्हणजे पुष्कळदा मसणवटा असतो, तेव्हा तोच उचलून वर आणता येणार नाही काय? १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकाने घरच्यांच्या बैठकीला प्रथमच शास्त्रशुद्ध घाट दिला. त्यात आप्त आधी जाणत्या समुपदेशकापाशी जमतात. प्रत्येकाने स्वतः पाहिलेले प्रसंग तारीखवार टिपून आणायचे, त्यांत शिवी नको, निदान नको, 'तू दारुडा आहेस' हा शिक्का तर नकोच. त्याची तालीम करायची. आणि मग तो माणूस शुद्धीत असताना सर्वांनी मिळून त्याला सांगायचे, व त्याच दिवशी उपचारास चलण्याची विनंती करायची, नाकारल्यास आपण आपल्या बाजूने काय बदलणार हेही स्पष्ट करायचे. दाराआडून बोललेल्या त्या बाईने कोणतेही पुस्तक न वाचता नेमके हेच केले होते.

जॉन्सनच्या रीतीचा दोष तिच्या अचानकपणात आहे. ज्याला काही कल्पना नाही अशा माणसाला घेरून बसणे, आणि तेही धमकीची पुरचुंडी मागे लपवून, यात विश्वासघाताचा वास येतो. म्हणून ज्युडिथ लांडाऊ व जेम्स गॅरेट यांनी बैठकीचे आमंत्रण त्या माणसालाच आधी द्यावे अशी रीत काढली: "अमुक दिवशी आम्ही तुझ्या पिण्याविषयी बोलायला जमणार आहोत, तूही ये, आला नाहीस तरी आम्ही जमणारच." न्यू मेक्सिकोत रॉबर्ट मेयर्स यांनी तर बैठकच बाजूला ठेवून घरातल्या एका माणसाला, बहुधा बायकोला किंवा आईला, काही आठवडे शिकविण्याचा मार्ग धरला. पिऊन आलेल्याशी वाद घालू नये. न प्यालेल्या संध्याकाळी ताटात त्याच्या आवडीचे वाढावे आणि गोड बोलावे. प्यायल्यामुळे बुडालेला रोज, हुकलेली एस.टी., ओले अंथरूण यांची भरपाई आपण करीत बसू नये. स्वतःच्या जिवाला जपावे. आणि त्याला स्वतःलाच पश्चात्ताप होतो अशा क्षणाची वाट पाहून तेव्हा हळूच विचारावे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, उपचाराला साफ नकार देणाऱ्या मद्यासक्तांच्या १३० आप्तांना तीन वाटांवर विभागले होते. मेयर्सच्या रीतीने शेकडा ६४ जण उपचाराला आले, जॉन्सनच्या रीतीने ३०, आणि अल-ॲनॉनच्या वाटेने १३. (अल-ॲनॉनला हा आकडा लावून पाहणे तितकेसे न्यायाचे नाही; दुसऱ्याला उपचारास आणणे हा तिचा उद्देशच नव्हे.) जॉन्सनचा आकडा खाली राहिला त्याचे कारण मात्र मनन करण्यासारखे आहे: बहुतेक कुटुंबे तयारी करूनही प्रत्यक्ष बैठकीपर्यंत पोचलीच नाहीत, आयत्या वेळी कचरली. आमच्याकडेही तेच होते. पोळ्यानंतर पाहू, लग्नसराई उरकू द्या, ही त्या कचरण्याची मराठी रूपे.

याच काळात विल्यम मिलर यांनी १९८३ पासून मांडलेल्या संवादपद्धतीने आणखी एक गोष्ट उघड केली, की सोडण्याची कारणे त्याच्या तोंडून निघाली तर चिकटतात, आपल्या तोंडून निघाली तर तो पिण्याची कारणे शोधू लागतो. मास्तरकीचा पेशा करणाऱ्यांनी हे जिभेवर गोंदवून घ्यावे.

महाराष्ट्रात या विद्येला घर मिळाले ते १९८६ मध्ये, पुण्यात येरवड्याला. अनिल अवचट यांनी 'गर्द' या अमली पदार्थाच्या विळख्याची जी हकीकत लिहिली ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या अनिता अवचट यांनी 'मुक्तांगण' उभे केले. आज ते त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर सांभाळतात. रुग्णाच्या पत्नीलाही उपचाराची गरज असते हे तेथे आरंभापासून ओळखले गेले, आणि 'सहचरी' या पत्नींच्या गटाने हजारो घरांत जे केले ते औषधाच्या बाटलीने होण्यासारखे नव्हते. गडचिरोलीत अभय बंग यांच्या 'सर्च'ने 'मुक्तिपथा'द्वारे उपचार तालुक्यापर्यंत आणि पुढे गावापर्यंत नेले. गोव्यातील 'संगाथ'ने तर प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक माणसांकडून मद्यपी पुरुषांचे समुपदेशन करून घेतले, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेले त्याचे फळ नेहमीच्या उपचारापेक्षा सरस निघाले. घाटाखालच्या आणि घाटावरच्या आमच्या वाड्यावस्त्यांना याचा अर्थ फार मोठा आहे; मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक गावी कधीच येणार नाही, पण शिकलेली आशाताई येऊ शकते.

आज हे पुस्तक का, असे कोणी विचारील. केंद्र शासनासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे; आणि जे पुरते मद्यासक्त आहेत त्यांच्यातील ३८ पैकी एकालाच कसलाही उपचार मिळतो. उरलेले ३७ कोणाच्या तरी घरात आहेत. उभ्या-आडव्या बाटलीच्या मतदानाने गावातले परवान्याचे दुकान हटविता येते, आणि आमच्या भगिनींनी ते करूनही दाखविले. परंतु दुकान हटले म्हणून घरातल्या माणसाचे कापणारे हात थांबत नाहीत, तो दुचाकीला लाथ मारून पुढच्या गावी जातो.

या जिल्ह्याचे म्हणून एक पंचांग आहे, आणि परदेशी पुस्तकांत ते सापडणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोची जोडी मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या जोडीच्या नावावर चढलेली असते, आणि नवरा महिनाभर रुग्णालयात राहिला तर बायको 'अर्धा कोयता' होते व फिटायची उचल अंगावर राहते. फडावरच्या कोपीत, गाव आणि नातलग शंभर कोसांवर असताना, कसली बैठक आणि कसला उपचार? त्यामुळे बीडमध्ये बैठकीचा काळ चैत्रापासून आषाढापर्यंतचा, नवी उचल हातात पडण्याच्या आधीचा. मुकादमाला चार माणसांत घ्यावे की नाही, यावर संपादकांचा आणि माझा मतभेद आहे. त्याच्या शब्दाला वजन असते हे खरे, पण ते कर्जाचे वजन. मी त्याला आधी एकटा गाठून महिनाभराची मुदत मागावी आणि सतरंजीवर मात्र बसवू नये, या मताचा आहे. ज्याच्याशी बांधाचे भांडण आहे तो नको, ज्याच्यासोबत तो पितो तो नको, लेकरे तर नकोतच. बहीण अवश्य असावी. आणि दारू सोडून काही वर्षे झालेला एखादा गडी मिळाला, तर आम्ही मास्तर लोकांनी उठून त्याला जागा द्यावी.

काही गोष्टींत मतभेदाला वाव नाही. चहातून किंवा भाजीतून चोरून औषध घालण्याची जी रीत जाहिरातींनी पसरविली आहे ती जिवावर बेतू शकते: १९४८ मध्ये डेन्मार्कमध्ये दारूविरुद्ध वापरात आलेले डायसल्फिरम पोटात असताना दारू गेली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, आणि हे त्या माणसाला माहीत नसेल तर तो पीतच राहतो. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकाएकी दारू तोडणेही तितकेच घातक. दोन-तीन दिवसांत त्याला झटके येतात, भ्रम होतो, नको ते दिसू लागते, आणि वैद्यकीय देखरेख नसेल तर मृत्यूही येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने दारू व अमली पदार्थांतून उद्भवणारे विकार आपल्या कक्षेत घेतले आहेत. ज्याची निर्णयशक्ती शाबूत आहे त्याला त्याच्या संमतीवाचून दाखल करता येत नाही, आणि ज्याची नाही त्याच्यासाठीही अर्ज, तपासणी, मुदत यांची रीत ठरलेली आहे. हातपाय बांधून नेणाऱ्या 'केंद्रां'ना पैसे मोजण्यापूर्वी त्यांची नोंदणी विचारावी. आणि जेथे मारहाण होते त्या घरात बैठक बोलावण्याआधी बाईच्या व लेकरांच्या सुरक्षिततेची व्यवस्था हवी. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा त्यासाठी आहे. अंबाजोगाईत 'मानवलोक' व 'मनस्विनी' या संस्थांनी बायकांना बोलते करण्याचे जे काम केले, त्याशिवाय या विषयावर आमच्याकडे पुस्तक निघाले नसते.

पुस्तकाचा आवाका मर्यादित आहे. ते दारू सोडवीत नाही, उपचारपद्धतींची तुलनाही करीत नाही. घराच्या उंबऱ्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंतचा रस्ता तेवढा दाखविते. त्यातली बोलणी बीडच्या बोलीत आहेत, आणि फसलेल्या बैठका यशस्वी बैठकांपेक्षा जास्त आहेत, याबद्दल मी संपादकांचे अभिनंदन करतो.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. पुढच्या चैत्रात आम्ही पुन्हा बसलो. या वेळी बायको ओट्यावर होती आणि आधी ती बोलली. मामा गप्प राहिले, त्यांना ते फार जड गेले. जीप दाराशी उभी होती, पिशवीत दोन सदरे, टॉवेल आणि आधारकार्ड भरून ठेवले होते, रुग्णालयात बिछाना सांगून ठेवला होता. तो गेला, महिन्याने परत आला, आणि पोळ्याच्या रात्री पुन्हा प्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी, चार माणसांना निरोप न धाडता, त्याच्या बायकोने स्वतः फोन लावला.

तेव्हा वाचकांना माझी विनंती आहे, की पुस्तक संपण्याची वाट पाहू नये. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय असो, बीडचे जिल्हा रुग्णालय असो, की आणखी कोठले केंद्र असो, तेथे कोणत्या वारी घेतात, रात्री-बेरात्री घेतात काय, खर्च किती आणि सोबत कोण राहावे लागते, हे आजच विचारून घ्यावे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची शासकीय दूरध्वनीसेवा विनाशुल्क आहे. मिळालेले उत्तर शेवटच्या पानावर लिहून ठेवावे. ते पान त्यासाठीच कोरे सोडले आहे.